पाठीवरचा हात

आमच्या कॉलनीच्या मैदानावर मुली खो-खो खेळतात. मुलगा म्हणून वाढलेली, आता मुलगी म्हणून जगणारी रेवाही त्यांच्यात असते.

काल कट्ट्यावर शेजारचे काका मला म्हणाले, "हिला मुलींत कसं हो घेतलं?"

तेवढ्यात धावत आलेल्या एका पोरीने रेवाच्या पाठीवर सणसणीत थाप दिली, "खो!" रेवा उसळून पळाली आणि ती पोरगी धापा टाकत तिच्या जागेवर बसली. किती सहज!

स्पर्धांमध्ये रेवाला घ्यावं की नाही, यावर मोठी माणसं वाद घालतील. घालोत बापडी.

या खेळात पाठीला हात न लावता नुसतं तोंडाने खो म्हटलं, तर फाऊल धरतात. "रेवा आपलीच आहे," असं आम्हीही म्हणतो. कट्ट्यावरूनच.