गाडीच्या दारातला माणूस

आमच्या दुकानात विकायला आलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचा फोटो हे स्वतः काढत. चकचकीत दारात आपणही उमटतो, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. त्यामुळे वेबसाइटवर दारादारात मोबाइल धरून वाकलेले हेच दिसतात. "गाडीबरोबर दादाचं पोट फुकट," असं धाकटे दीर चिडवायचे.

हे गेले. ती वेबसाइट आता सारखी बंद पडते, गिऱ्हाइकं तुटतात. आज नवी वेबसाइट करून देणाऱ्या कंपनीचा माणूस कौतुकाने सांगत होता, "मॅडम, आमच्याकडे सगळ्या फोटोंतली, जुन्यासुद्धा, दारातली प्रतिबिंबं आपोआप पुसली जातात."

दीर हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं."

फोटो घरी जपता येतील, हे मला कळतं. पण घरी हे नुसती आठवण होतील. इथे अजून कामावर आहेत. जुनी वेबसाइट ठेवली तर त्यांनी उभं केलेलं दुकान जातं, बदलली तर हे जातात. गेलेल्या माणसाला राहायला किती थोडी जागा उरते, आणि तीही आपल्यालाच रिकामी करावी लागते.

मी होकार दिला. संध्याकाळी दीर नव्या आलेल्या गाडीचा फोटो काढताना दारात दिसू नये म्हणून बाजूला झाले.

"सरकू नका, भाऊजी," मी म्हटलं. "आता कुणीच दिसणार नाही."