झोपू न देणाऱ्या नंदा सिस्टर

नंदा सिस्टरांना गोड बोलता येत नसे. भंडाऱ्याहून पुण्यात येऊन त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आमचा पुणेरी तुसडेपणा त्या पुरेपूर शिकल्या, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, धाप लागली म्हणून विश्रांतवाडीजवळच्या एका छोट्या इस्पितळात ठेवलं होतं. तीस वर्षं भट्टीपुढे काढल्यावर फुप्फुसांत काय उरणार? सिस्टर यायच्या आणि मॉनिटरकडे ढुंकूनही न बघता आधी अण्णांचा सदरा वर करायच्या. मानेच्या शिरा ताणल्यात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, ते बघत पुरा एक मिनिट श्वास मोजायच्या. मग विचारायच्या, आज भाजी कुठली होती? भाजीशी त्यांना कर्तव्य नसे. एका दमात किती शब्द निघतात, ते त्या बघत. पहिल्या दिवशी पाच निघाले, तिसऱ्या दिवशी दोन.

हे दर तासाला. अण्णांची जरा मान कलली की या हजर. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी मेट्रनकडे लेखी तक्रार केली. पेशंटला विश्रांती मिळत नाही, सिस्टर उद्धट आहेत, वगैरे. मला लिहिता छान येतं. मेट्रननी त्यांना सगळ्यांदेखत झापलं, आणि मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णा शांत झाले. तीन दिवस पुढे वाकून, बसूनच श्वास ओढणारा माणूस उशीला टेकला. श्वास संथ झाला. मॉनिटरवर ऑक्सिजन चौऱ्याण्णव. मी पडदा ओढला, बाहेर येऊन योगेशला, माझ्या भावाला, फोन केला आणि अण्णांना उतार असल्याचं सांगितलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या.

"आत्ता कुठे डोळा लागलाय," मी म्हटलं. "आपण नंतर आलात तर उपकार होतील."

एकदा बघू द्या, म्हणाल्या. मी मेट्रनचं नाव काढलं. त्या क्षणभर पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

वीस मिनिटांनी मात्र मला न विचारता आत शिरल्या. त्यांनी अण्णांचा खांदा गदागदा हलवला, कानाशी ओरडून हाका मारल्या. अण्णा उठले नाहीत. श्वास घेऊन घेऊन दमलेला माणूसही शांत होतो, हे मला तेव्हा कळलं. नळीतून ऑक्सिजन जात होता म्हणून आकडा चांगला दिसत होता; आतली खराब हवा बाहेर पडत नव्हती आणि तिचीच गुंगी चढली होती. डॉक्टर धावत आले, मशीन लावलं. संध्याकाळी सहाला अण्णा गेले.

मला स्वतःची शिसारी आली होती. कुणीतरी चार शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. ड्युटी संपवून निघालेल्या सिस्टरांना मी जिन्यात गाठलं आणि विचारलं, त्या वीस मिनिटांत काही करता आलं असतं का. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, त्यांची वेळच भरली होती. सिस्टरांनी खांद्यावरची पिशवी सावरली.

"वाचले असते कदाचित," त्या म्हणाल्या. "मी तुमचं ऐकायला नको होतं, ताई."