धाकट्या जावेचे मासे

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माझ्या धाकट्या जावेइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि असलीच तर तिनं आमच्या उमरग्याच्या घरी येऊन दाखवावं. धाकटी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि तिथल्या एका खोलीत बोटाएवढे पट्टेरी मासे पाळते. हे मासे अंधारानंतर उजेड झाला की पहाट समजून अंडी घालतात, आणि ती ताजी असतानाच उचलावी लागतात. आता आमच्याकडची लाइट कधी जाईल आणि कधी येईल, हे माणसाला कळत नाही, तिथं माशांना काय कळणार? एकदा घरी हळदीकुंकू चाललेलं, तासभर गेलेली लाइट आली आणि ही करंडा हातात घेऊनच उठली. "अक्का, अंडी!" म्हणाली आणि स्कूटीवरून गेली. बायकांना वाटलं, ही अंडी उकडायला ठेवून विसरली. आमच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी सासूबाई तोंड धुतात. त्यांचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून आठवतो.

तिच्या माशांची अंडी काचेसारखी आरपार. आतल्या पिल्लाच्या कानामागून पेशींचा एक पुंजका निघतो आणि अंगाच्या कडेनं शेपटीपर्यंत सरकत जातो, सगळ्या मिळून, एकमेकींना धरून. वाटेवर एका प्रथिनाचा इशारा पसरलेला असतो, पण तो सगळीकडं सारखाच. मग जायचं कुठं, हे कळतं कसं? तर मागच्या पेशी तो इशारा गिळून टाकतात. मागं काही उरत नाही, म्हणून पुढच्यांना पुढंच ओढ लागते. हे ती पोळ्या लाटताना सांगायची. "अक्का, कौतुक सगळं पुढच्यांचं व्हतं. मागच्यांनी गिळायचं सोडलं, तर पुढच्या जागच्या जागी घुटमळतील." मी म्हणायची, "व्हय बाई, पण पोळी करपली."

गेल्या वर्षी प्राचार्यांना तीच खोली हवी झाली. कशाला, तर पाहुण्यांच्या चहापाण्याला. खोली गेली असती तर मासे गेले असते, आणि तिची इतक्या वर्षांची पीएचडीही. प्राचार्य बघायला आले, तेव्हा मी डबा घेऊन तिथंच होते. नेमकी लाइट गेली. तिनं जुनं सूक्ष्मदर्शक खिडकीशी ओढलं, आरसा उजेडाकडं फिरवला आणि म्हणाली, "बघा सर."

"हलत तर काहीच न्हाय, मॅडम."

"पुंजका पिल्लाच्या पाठीवरच्या कितव्या वळीपाशी हाय ते मोजून ठेवा आणि जेवून या. मी इथंच हाय."

ती खरंच हलली नाही. डबाही तसाच राहिला. प्राचार्य जेवून आले, डोळा लावला, पाठीवरच्या वळ्या मोजल्या, परत मोजल्या. "सरकलंय," असं हळूच म्हणाले. तरी विचारलंच, "हे व्हरांड्यात न्हाय जमणार?"

"चहा जमतो की व्हरांड्यात, सर."

खोली राहिली.

आता सांगते. "घर सोडून माशांची बाळंतपणं करती," असली सासूबाईंची बोलणी रोजची होती. त्यातलं एकही मी तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. स्वयंपाकघरातच ऐकलं आणि तिथंच जिरवलं. मोठेपणा म्हणून नाही. मला तिला पुढं गेलेली बघायचं होतं, बस्स.

यंदा ती पुढच्या कामासाठी हैदराबादला गेली. स्टँडवर बॅग वर देताना म्हणाली, "अक्का, किती गिळलंत तुम्ही. मला सगळं कळत व्हतं."

मी तिच्या हातात डबा दिला.

तिचे थोडे मासे आता आमच्या ओट्यावर आहेत. सासूबाई कुरकुरतात, पण आता मी ऐकून घेत नाही, उलट बोलते. अंधारातच उठते आणि दिवा लावते. मासे अंडी घालतात. भिंगाशिवाय त्यात काही म्हणता काही दिसत नाही, तरी चहा गार होईपर्यंत मी बघत उभी असते.