लाल चौकट आणि मी

वेबसाइट बनवणाऱ्यांना शिकवताना मी माझ्या बहिणीची गोष्ट सांगतो. फॉर्ममध्ये काही चुकलं तर नुसती चौकट लाल करू नका. काय चुकलं ते शब्दांत लिहा, आम्हा अंधांच्या स्क्रीन रीडरला ते लगेच वाचता येऊ द्या. हे पटवायला ती गोष्ट कामी येते. ऐकणारे हळहळतात. त्या गोष्टीतला एक भाग मात्र मी आजवर गाळत आलो.

मी जन्मांध. तेव्हा वर्ध्याच्या एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होतो, पिपरी मेघेला खोली करून राहायचो. बाबांचं तळेगावला किराणा दुकान. धाकटी बहीण तिथंच बारावी झाली, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि अर्ज ऑनलाइन होता. बाबा म्हणाले, "नेट कॅफेवाल्याकडून भरून घेजो." मला ते लागलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मी नुकताच शिकलो होतो, पेनड्राइव्हमध्ये घेऊन हिंडायचो.

कॅफेवाल्यानं विचारलं, "देऊ काय भरून, भाऊ?"

"नाई लागत."

थोड्या वेळानं हेडफोनमधून झिरपणारा स्क्रीन रीडरचा बायकी आवाज ऐकून तो म्हणाला, "तुमची बाई लय बडबड करते ना बाप्पा! घरी बी अशीच बोलते काय?"

सगळे हसले. मीही हसलो.

बहिणीनं फोनवर सांगितलेलं सगळं भरलं, शेवटचं बटण दाबलं. पान पुन्हा उघडलं आणि आवाज पहिल्यापासून तेच वाचू लागला: संस्थेचं नाव, सूचना, अर्जदाराचं नाव. काही चुकल्याचं अक्षरही नाही. परत दाबलं. परत तेच. अर्ज गेला असता तर दुसरं पान यायला हवं होतं, हे मला कळत होतं. कॅफेवाला हाताच्या अंतरावर होता. 'जरा पाहा' एवढंच म्हणायचं होतं. पण ते हसणं अजून कानात होतं. मी पेनड्राइव्ह काढून घेतला, पैसे दिले, निघालो.

संध्याकाळी तिचा फोन आला. "झाला काय, दादा?"

"झाला."

"अर्जाचा नंबर भेटला असन ना? माह्या मैत्रिणीले भेटला."

"येईन मागून," मी म्हणालो.

यादीत तिचं नाव आलं नाही. मी सर्व्हरवर ढकललं. घरात त्या शब्दाशी वाद घालू शकेल असं कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

नंतर कधीतरी त्याच कॅफेत माझा स्वतःचा अर्ज भरताना पान तसंच फिरून आलं. या वेळी मी विचारलं. "अरे भाऊ, लाल दिसून राह्यलं ना! तारखेत महिना आधी पाह्यजे, तुमी दिवस टाकला." तिची जन्मतारीखही मी तशीच टाकली होती.

शिकवताना मी दोष त्या पानाला देतो. तो त्याचा होताच. तिनं विचारलेल्या नंबराचं मात्र कधी सांगत नाही.

गेल्या महिन्यात तिला सगळं सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "तवा आखरी तारीख होऊन गेलती काय?"

"नाई. बाकी होती."

"मंग मी आली असती ना, दादा," ती म्हणाली. "सकायच्या बसनं आली असती."