देवळात बसलेली दुपार

धुळा मला पहिल्यांदा दिसला तो पालथा पडलेला. मधल्या सुट्टीत पोरं हुतुतू खेळत होती आणि हा कुंपणाशी गवताच्या तुऱ्यावर हलकेच फुंकर घालत होता. म्हसवडजवळच्या मेंढपाळाचा मुलगा. वय उलटल्यावर माझ्या वर्गात दाखल झालेला.

चौऱ्याहत्तर साली तो कोल्हापूरहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाला. कराडच्या कॉलेजात नोकरी मिळत होती. त्याचे प्राध्यापक मात्र म्हणत होते, थांब, पीएच.डी. कर, तुझ्याच माळावरच्या गवतांवर. धुळाला तेच हवे होते, पण आईपुढे जीभ उचलत नव्हती. बनाबाईंचा सगळा जन्म मेंढरांमागे, पालाखाली गेलेला. निदान एका पोराचे घर एका जागी असावे, आपणही तिथे टेकावे, एवढेच त्यांचे मागणे.

"आवं गुरुजी, गवताचा डॉक्टर व्हनार म्हनतोय," त्या मला म्हणाल्या. "गवत कवा आजारी पडलं?"

शेवटी बिरोबाला कौल लावायचे ठरले. मलाही नेले. बनाबाईंनी देवाच्या दोन्ही अंगांना कण्हेरीची ओली फुले चिकटवली. उजवे पडले तर कराड, डावे पडले तर पुढचे शिक्षण.

फूल पडेना. माळावर ऊन पांढरे झाले होते. लांबवर मेंढरे तरंगत असल्यासारखी दिसत. देवळातल्या गारव्यात आम्हा तिघांचे डोळे जडावले.

"त्या गवतात हुडकायचं तरी काय?" बनाबाईंनी डोळे मिटूनच विचारले.

"आपण कोकणातनं परत येतो तवा माळ पार जळल्याला असतो, आये. पानी पडलं की कुसळी उगवती. तवर ती कुठं असती, कशी जगती, ते."

"आन् ते कुनालाच ठावं न्हाई?"

"समदं न्हाई."

त्यानंतर तो बोलतच राहिला. त्याला इतके बोलताना मी कधी ऐकले नव्हते. बनाबाईंनी डोळे उघडले होते. त्या देवाकडे नाही, त्याच्याकडे बघत होत्या.

उन्हे कलली तरी दोन्ही फुले जागच्या जागी. त्या उठल्या, डावे फूल हाताने काढले आणि त्याच्या ओंजळीत ठेवले.

"देवाला बी कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "जा लेका. मी ऱ्हाते अजून पालात."

कराडची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. धुळा डॉक्टर झाला, सांगलीत शिकवून निवृत्त झाला. आता तो म्हसवडलाच राहतो. घरामागे कुंपण घातलेला माळाचा एक तुकडा आहे. त्यात तो काही पेरत नाही.