नरड्याचे सर

शिरूरपासून दौंडपर्यंत माइकचा एवढा द्वेष करणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. आमच्या भिंतीपलीकडचे हे जीवशास्त्राचे सर शिरूरात खाकरले की दौंड स्टेशनात गाडी बिचकते, असं आम्ही म्हणायचो. कुणी माइक पुढे केला की ते भडकत. "देवानं गळ्यात एवढी कारागिरी केलीय, ती काय टाय बांधायला?"

ती कारागिरी दाखवायचा त्यांना भारी नाद. रविवारी चर्च सुटलं की स्वारी मटणाच्या दुकानात. खाटीकमामा मटणाआधी बोकडाचं नरडं कागदात गुंडाळून देत. "सर, आजचं लई आवाजाचं हाय बगा." सोमवारी ते नरडं वर्गात. पुढे ढालीसारखी कूर्चा, तिच्याखाली अंगठीसारखी, अंगठीवर मागे बसलेल्या दोन चिमुकल्या. त्या दोघी जवळ आल्या की पडदे भिडतात आणि आवाज फुटतो. सर त्यांना चिमटीत धरून खालून नळीनं अशी फुंकर मारत की मेलेला बोकड भर वर्गात बें करायचा. पुढच्या बाकावरच्या कित्येकांनी मटण सोडलं ते कायमचं. घरात मात्र ह्या गळ्याचं काही चालत नसे. जेवताना ढेकर आला की सरांच्या पत्नी, आमच्या बाई, डोळे वटारत, "माणसांत बसलाय ना?"

आणि नेमका त्याच गळ्याला कॅन्सर झाला. मेल्याला दुसरी जागा मिळाली नाही! डॉक्टरांनी ढाल, अंगठी, सगळं काढलं आणि श्वासासाठी मानेला भोक ठेवलं. आता सर बोलणार कसे, ह्याचीच आम्हाला धास्ती. सरांनी घरी येताच मफलर भिरकावला, गल्लीतली पोरं बोलावली आणि पाटीवर लिहिलं, "नीट बघा. परीक्षेत येतं." बॅटरीवर बोलणारं यंत्र आणलं, तर पुन्हा पाटी: "हा माइकचाच भाऊ." राहिला एकच मार्ग, हवा गिळायची आणि ढेकरावर शब्द काढायचा. मग काय, बाईच सोड्याची बाटली घेऊन समोर बसल्या. "द्या हो! लाजताय काय? मोठा द्या!" कितीतरी दिवसांनी पहिला शब्द आला, "मीठ." आमटी अळणी होती. बाई इतक्या रडल्या की मीठ वाढायचं राहूनच गेलं.

चर्चमधल्या सुगीच्या उपासनेत बायबलमधलं शास्त्रवाचन दरवर्षी सरांचंच. बाईंनी आम्हालाही बोलावलं होतं. पाळकांनी मायेनं माइक पुढे केला. सरांनी तो बंद करून खाली ठेवला. ओठ हलत होते, पण पंख्यांच्या घरघरीत काही ऐकू येईना. बाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मागून खाटीकमामा ओरडले, "पंखं बंद करा रं! सर बोलत्यात!"

आम्ही घामानं निथळत बसलो, आणि एकेक शब्द ढेकरासकट शेवटच्या बाकापर्यंत आला.

भिंतीपलीकडचा तो खाकरण्याचा दणका आता नाही, सकाळ सुनी सुनी जाते. पण सर कुठंही बोलायला उभे राहिले की अजून कुणीतरी न सांगता उठतं आणि पंख्याचं बटण बंद करतं.