इमानदार गोळीच्या शोधात

जगातली यच्चयावत माणसं आणि वस्तू आधी गुन्हेगार असतात आणि पुरावा मिळालाच तर मग निर्दोष ठरतात, असं मनापासून मानणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले आणि ते नेमके माझे चुलतसासरे निघाले. निजामाच्या राजवटीत ते करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, जमादार होते. पुढे निजाम गेला, नाके उठले, पण काकांच्या मनातला नाका काही उठला नाही. त्याच्यावरून देवाचा प्रसादसुद्धा तपासणी झाल्याशिवाय पुढे जात नसे. एसटीत कंडक्टरने तिकीट दिलं की ते उजेडासमोर धरून आरपार बघत, आणि मागची माणसं खोळंबली की त्या खोळंबलेल्या माणसांवर संशय घेत. लग्नात अक्षता हातात आल्या की त्यांतले खडे वेगळे काढेपर्यंत मंगलाष्टकं संपून जात. मग न टाकलेल्या अक्षता ते मुकाट्याने कोटाच्या खिशात घालत. आमच्या नात्यातल्या निम्म्या जोडप्यांना त्यांचा आशीर्वाद असा खिशातूनच मिळालेला आहे.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीला कोणी फारसं काही विचारलं नाही. काकांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, "खिशात काय हाय?" मी रुमाल, कंगवा, परतीचं तिकीट, एवढं सांगितलं. "आन वरच्या?" वरच्या खिशात पेन होतं. "आन पेनात?" पेनात शाई आहे म्हटल्यावर त्यांनी ते उघडून बघितलं. मग आत जाऊन माझ्या सासऱ्यांना आपला अहवाल दिला. "पोरगा खरं बोलायलाय. पण लय पटापट बोलायलाय." माझं लग्न या शेऱ्यावर झालं. मी तेव्हा परभणीला बांधकाम खात्यात कारकून होतो आणि माझ्या साहेबांनीही माझी इतकी बारीक चौकशी कधी केली नव्हती.

काकांचं गाव पिंगळीच्या स्टेशनावर उतरून दीडेक कोस चाललं की लागे. सुट्टीत मी तिथे जायचो ते काकूंच्या हातच्या धपाट्यांसाठी, आणि सापडायचो काकांच्या तावडीत. कारण काकांजवळ एक रायफल होती. तीनशे पंधरा बोअरची, हैदराबादच्या काळातल्या परवान्यावरची. तरुणपणी त्यांचा नेम पंचक्रोशीत गाजलेला होता. कुठे रानडुकरांनी रान उकरलं की जमादारांना बोलावणं यायचं, असं म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकलं होतं. मी मात्र त्यांना कधी शिकार करताना बघितलं नाही. मी बघितलं ते फक्त शिकारीची गोळी निवडताना.

स्वस्त गोळी सरळ जात नाही आणि सरळ जाणारी गोळी स्वस्त नसते, हा त्यांचा सिद्धांत. तरीही या दोन्ही जमातींत कुठेतरी एखादी स्वस्त आणि इमानदार गोळी दडून बसलेली असणार आणि तिला हुडकून काढणं हे आपलं काम, असं ते धरून चालले होते. कारखान्यातून आलेली काडतुसं महाग, आणि वर इतकी चकचकीत की काकांना त्या चकाकीचाच वहीम. "नाक्यावर जो लय इस्त्रीचे कपडे घालून यायचा ना जावईबापू, त्याच्याच खोगिरात माल घावायचा." नांदेडच्या एका दुकानदाराकडे जुन्या साठ्यातली काडतुसं स्वस्तात मिळत. पण ती स्वस्त का, हे काकांनी त्याला इतक्यांदा विचारलं की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "जमादारसाब, तुम बोले तो महंगी कर देतूं!" काकांनी ही त्याची जबानी म्हणून कायमची लक्षात ठेवली. एका पेशीत, म्हणजे एका सुनावणीत, भाव चढवायला तयार होणारा माणूस बारुदीत भेसळ करणार नाही कशावरून?

राहिली घरची गोळी. उडालेल्या काडतुसाची पितळी नळी जपून ठेवायची, तिला नवी टोपी बसवायची, आत बारूद भरायची आणि तोंडाशी आपण ओतलेली शिशाची गोळी दाबायची. याचा त्यांच्याकडे रीतसर परवाना होता आणि तो ते दर महिन्याला खरा आहे की नाही ते बघत. शिसं त्यांनी परभणीच्या एका छापखान्यातून आणलं होतं, छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांचं. स्वस्त पडलं म्हणून दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं? "जावईबापू, ह्या शिशानं इलेक्शनची पत्रकं छापलीत. जलमभर खोटं छापलेलं शिसं सरळ कसं जाईल?" ते शिसं त्यांनी पुन्हा वितळवलं, वरची मळी काढून टाकली आणि मग थोडं समाधान झाल्यासारखं दिसलं.

गोळ्या ओतून झाल्या की ओसरीवर सोनाराचा काटा मांडला जाई. एकेक गोळी गुंजांनी तोलायची, म्हणजे जड-हलकी बाजूला काढता येते. त्यात एकदा त्यांच्या ध्यानात आलं की गुंजासुद्धा सगळ्या सारख्या नसतात. झालं! दुपारभर त्यांनी गुंजा गुंजांशी तोलल्या. काकू धपाट्याचं पीठ मळता मळता मला म्हणाल्या, "सकाळपासून गुंजा भांडायल्यात, निकाल काई लागंना." काटा तरी खरा का, हा प्रश्न पुढे उभाच होता, पण तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

मग परीक्षा. ओढ्याकाठी मातीची उंच दरड होती, तिच्यापुढे सरकीचं जुनं पोतं टांगायचं, पोत्यावर चुन्याचा टिळा लावायचा आणि काकांनी बाभळीला टेकून बार काढायचा. मला त्यांनी साक्षीदार नेमलं होतं. काडतूस भरण्याआधी ते त्याचं बूड माझ्यापुढे धरून म्हणत, "वाचा बरं काय लिवलंय." मी वाचून दाखवायचो. तेव्हा मला वाटे, आपल्या खरेपणाची परीक्षा चालली आहे, म्हणून मी आणखी पटापट वाचायचो. बार होई. चुन्याचा टिळा नव्या नवरीच्या कुंकवासारखा जसाच्या तसा राही, आणि गोळी कधी दरडीच्या डावीकडे, कधी वर, तर एकदा पोतं टांगलेल्या दोरीतून गेली. ती गेली तेव्हा मी टाळी वाजवणार होतो, पण काका डोळे बारीक करून दोरीकडेच बघत होते.

मग कुदळीने माती उकरून गोळ्या परत काढायच्या आणि दगडावर ओळीने उभ्या करून चौकशी सुरू. ही कारखान्याची, ही नांदेडची, ही घरची. प्रत्येकीला उलटंपालटं करून बघत आणि बोलत. नांदेडवाली डावीकडे गेली म्हणजे तिला कोणीतरी फूस लावलेली. कारखान्याची वर गेली म्हणजे माजलेली. घरच्या गोळीवर त्यांचा सगळ्यांत जास्त राग. "घरचं माणूस उलटलं की बाहेरच्यानं काय करावं?" गोळ्यांकडून कबुली मिळाली नाही की वाऱ्याला धरत, वाऱ्यानंतर बाभळीला, आणि बाभळही निर्दोष ठरली की माझ्याकडे वळत. "तुमी आत्ता श्वास घेतलाव." घेतला होता, नाही कसं म्हणू?

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा मात्र गावात वेगळाच प्रश्न होता. काकांच्या बांधाला बांध लागून गयाबाईचं रान होतं. गयाबाई एकटी बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतः राबून एवढासा तुकडा पिकवायची. तिचा भुईमूग उशिरा पेरलेला, अजून उभा होता, आणि त्यात रोज डुकरं शिरत होती. काकांचा भुईमूग काढून झाला होता. तिच्या पिकाचा एक कोपरा तर नांगरल्यासारखा उलथला होता. काकांचं आणि तिचं कधी पटलं नाही. तिच्या शेळ्या आपला बांध कोरतात, असा त्यांचा जुना आरोप. ती रोज सकाळी दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोले. "जमादार, रायफलीला हळदकुकू लावून ठिवलंव का? डुकरं माझ्या शेंगा खायल्यात आन तुमी गोळ्या तोलायलाव! राह्यलं एवढं पीक, ते बी गेलं की मी काय खावं वर्षभर?"

मी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी काका उठले. कोणती गोळी न्यायची यावर आदली संध्याकाळ गेली. शेवटी कारखान्याचं एक काडतूस निवडलं, "महाग हाय, पण आता इज्जतीचा सवाल हाय" असं म्हणून. पहाटे कुठे बसायचं हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मी म्हटलं, निदान गयाबाईला तरी सांगा. "अजिबात न्हाई. बातमी फुटती." मी म्हटलं, काका, डुकराला कोण सांगणार? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "डुकराला न्हाई. डुकराला फितूर असलेल्याला."

तांबडं फुटायच्या सुमाराला आम्ही त्यांच्या मोकळ्या रानाच्या कडेला, बांधावरच्या बोरीआड बसलो. धुकं होतं. डुकरं याच रानातून गयाबाईच्या भुईमुगात जात. बराच वेळ काही नाही. मग मधल्या भागात काहीतरी काळं हललं. खाली मुंडी, पाठ वर, जमीन उकरत पुढे सरकणारं. मी काकांच्या कोपराला हात लावला, पण त्यांनी आधीच रायफल खांद्याला लावली होती. त्यांचं बोट चापावर गेलेलं मला स्पष्ट दिसत होतं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. आणि काकांनी रायफल खाली घेतली, हळूच बोल्ट मागे ओढून काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. "भरोसा न्हाई," एवढंच म्हणाले.

मला असा संताप आला म्हणता! आयुष्यभर ज्या गोळीसाठी जीव टाकला ती हातात, समोर डुक्कर, तिकडे एका बाईच्या पोटाचा प्रश्न, आणि हे गृहस्थ अजून संशयच घेत बसलेत. मी काहीतरी लागेल असं बोलणारच होतो, तेवढ्यात ते काळं सरळ उभं राहिलं, दोन्ही हात कमरेला लावून पाठ ताठ केली आणि डोक्यावरची घोंगडीची खोळ मागे सारली. गयाबाई होती. आमच्याकडे पीक काढून झालं की रानात राहिलेल्या शेंगा ज्याला हव्या त्याने वेचाव्यात, सरवा म्हणतात त्याला. इतर बायका यायच्या आत चार शेंगा पदरात पडाव्यात म्हणून ती अंधारातच आली होती. आम्ही इथे बसणार हे तिला ठाऊक असतं तर ती कशाला आली असती? आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, हे काकांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तिने आम्हाला बघितलं आणि तोंड सोडलं. "काय वो जमादार, माझी शिकार करायलाव का काय? चार शेंगा घेतल्या तर रायफल घेऊन आलाव!" एरवी काकांनी तिच्या ओटीतली प्रत्येक शेंग उलटून बघितली असती. त्या दिवशी ते बांधावरून उतरले, तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वेच बाई, वेच. मधल्या पट्ट्यात लय राह्यल्यात." गयाबाई इतकी चकित झाली की पुढची शिवी तिला आठवली नाही. काय होता होता राहिलं ते तिला आम्ही कधीच सांगितलं नाही.

परत येताना काका वाटेत थांबले. रायफल त्यांनी माझ्या हातात दिली, तीही पहिल्यांदाच. म्हणाले, "गोळी चांगली व्हती जावईबापू. सगळ्याच चांगल्या व्हत्या. मला डुक्कर दिसलंच न्हाई. नुसतं काळं दिसलं. दोन वर्सं झाली, नुसतं काळंच दिसायलंय." मग पुन्हा चालायला लागत म्हणाले, "ते बुडावरचं तुमच्याकडून वाचून घ्यायचो, ते मला दिसत नव्हतं म्हणून." त्या माणसाने साऱ्या जगाची झडती घेतली आणि आपल्या डोळ्यांना तेवढं न तपासता सोडलं, याचं हसू यावं की रडू, तेच मला कळेना. घरी आल्यावर काकूंना सांगितलं तर त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "मला म्हाईत हाय की. पर सांगावं कसं? माझ्यावरच शक घेतला असता."

रायफल दुसऱ्या दिवशी ठाण्यात जमा झाली. पण गयाबाईच्या पिकाचं काय, म्हणून काका रोज पहाटे तिच्या बांधावर जाऊन घासलेटचा रिकामा डबा बडवत बसू लागले. त्याला नेम लागत नाही. पुढे आळीतले आणखी दोघे-तिघे आपापले डबे घेऊन आले, आणि तिचं उरलेलं पीक घरात आलं. काका डबाही मन लावून बडवत. मात्र तो कोणाचा, त्याला भोक आहे का, हे त्यांनी विचारलेलं मी ऐकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात परभणीला डोळ्यांचं शिबिर भरलं आणि काकांचे मोतीबिंदू काढले. ते आमच्याच घरी राहिले होते, डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून, खाटेवर सरळ उताणे. दिवसातून काही वेळा डोळ्यांत औषध टाकायचं काम माझ्याकडे. पहिल्यांदा टाकायला गेलो तेव्हा मी तयारीत होतो. बाटलीवरचं नाव पाठ केलं होतं, डॉक्टरांनी काय सांगितलं तेही, बाटली सीलबंद होती हेसुद्धा. मी पट्टी सोडली. काकांनी आवाजाच्या दिशेने तोंड वर केलं आणि म्हणाले, "तुमी हाव ना जावईबापू? मग टाका."

कोणती बाटली, कुठून आणली, किती थेंब, काहीच विचारलं नाही. मी थेंब टाकले. ते शांत पडून राहिले, एखाद्या लहान मुलासारखे. माझ्यावर कोणी एवढा विश्वास टाकला याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दुपारी मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि मला सारखं वाटत राहिलं की काकांनी निदान एकदा तरी विचारायला हवं होतं, बाटलीत काय आहे म्हणून.